पाच कोटी झाले की सोडतोच

हिंजवडीत काम करणाऱ्या चाळिशीतल्या माणसाला वय विचारलेलं चालतं, पगार विचारलेलाही चालतो. त्याचा 'आकडा' मात्र विचारू नये. विचारलात तर तो लॅपटॉप उघडतो.

आकडा म्हणजे जेवढी पुंजी जमली की राजीनामा साहेबाच्या टेबलावर आपटता येईल, तेवढी रक्कम. आमच्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांचा आकडा २०१९ साली तीन कोटी होता. मग कोरोना आला, म्हणून चार. मुलगी दहावीला गेली, म्हणून पाच. आता पाच टप्प्यात आलेत तर 'आठ असलेले बरे, सेफ साइड' सुरू झालंय. पुंजी वाढते तसा आकडा पुढं सरकतो आणि गृहस्थ सकाळी कंपनीच्या बसमध्ये चढतात. माझा आपला संशय असा, की यांना नोकरी सोडायचीच नाहीये. सोडण्याचा हिशेब मांडत बसणं हाच नोकरी निभावायला लागणारा विरंगुळा.

हिशेबाचं मूळ साधं आहे. वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट जमवा, पहिल्या वर्षी त्यातले चार टक्के काढा, पुढं दर वर्षी महागाईइतके वाढवून काढत राहा. चार टक्क्यांचा हा नियम विल्यम बेंगेन या अमेरिकी आर्थिक सल्लागारानं १९९४ साली मांडला. शेअर अमेरिकेतले, रोखे अमेरिकेतले, महागाई अमेरिकेतली, आणि मुदत ३० वर्षं. पासष्टीत घरी बसणाऱ्याला तीस वर्षं पुष्कळ झाली. त्रेचाळिशीत बसणाऱ्याची मुदत त्र्याहत्तरीला संपते, आणि त्याची आजी अठ्ठ्याण्णव वर्षं जगलेली असते. इथली महागाई सहा टक्के धरली तर खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो. आज महिना लाखात भागत असेल, तर चोविसाव्या वर्षी चार लाख लागतील. म्हणून काही जण पंचवीसच्या जागी चाळीसपट म्हणतात. म्हणोत बापडे. घोळ पटीत नाहीच, खर्चात आहे.

कारण गृहस्थांचा खर्चाचा तक्ता मी पाहिलाय. किराणा, वीज, मेंटेनन्स, पेट्रोल, ओटीटी, सगळं रुपयापर्यंत. कॉफीच्या बियांना वेगळा रकाना. आणि तळाशी एक ओळ: 'इतर – ५,०००'. या पाच हजारांत अख्खं गोत कोंबलेलं असतं. आईच्या मोतीबिंदूची लेन्स यात. गावच्या घराचे वादळात उडालेले पत्रेही यातच. चुलत भावंडांत 'पुण्याला मोठ्या कंपनीत' असलेला हाच, त्यामुळे पत्र्यांचा मोठा वाटा याच्याकडे. भाचीच्या लग्नात मामा म्हणून जे करायचं ते यात. सोसायटीच्या सभेत 'लिफ्ट बदलायचीच' असा ठराव झाला, की फ्लॅटमागे जी रक्कम येते तीही यात. म्हटलं, मागच्या तीन वर्षांचं पासबुक काढून हे 'इतर' एकदा बेरजेला घ्या. गृहस्थ म्हणाले, "छे हो, ते सगळे वन-टाइम खर्च होते." दर वर्षी न चुकता येणारे वन-टाइम.

बरं, पुंजीवर लवकर निवृत्त होण्याचा हा प्रयोग काही नवा नाही. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांनी व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती योजना आणली. पंधरा वर्षं नोकरी किंवा चाळीस वर्षं वय, की अर्ज करायला मोकळे. देशभरात एक लाखाच्या घरात कर्मचारी बाहेर पडले, आणि डोंबिवलीपासून सदाशिव पेठेपर्यंत पेढे वाटले गेले. ही बँकेतली माणसं, त्यांना व्याज कोण शिकवणार? ठेवींवर तेव्हा दहा टक्क्यांच्या आसपास मिळत होते. त्यावर घर चालेल, हे गणित बिनचूक होतं. जुलै २००१ मध्ये यूटीआय या म्युच्युअल फंडानं आपल्या यूएस-६४ योजनेच्या युनिटची खरेदी-विक्री सहा महिने थांबवली. 'सरकारी आहे, बुडतंय कुठं' म्हणून ज्यांनी तिथं पैसे ठेवले होते, ते पेपर हातात घेऊन बसले. पाठोपाठ दोन-तीन वर्षांत ठेवींचे दर पाच-सहा टक्क्यांवर आले. गणित चुकलं नव्हतं, सुरुवातीची वर्षं वाईट निघाली. पुंजीला मारतात ती हीच वर्षं. उत्पन्न आटलेलं, तरी घरखर्चासाठी मुद्दल मोडणं चालूच. पुढं चांगले दिवस आले तरी त्यांचा लाभ घ्यायला मुद्दल उरत नाही.

शिवाय तरुणपणी निवृत्त झालेल्याला सरकार म्हातारा मानायला तयार नसतं. ज्येष्ठ नागरिक बचत योजना साठीला, व्हीआरएस घेतली असेल तर पंचावन्नला. ईपीएस, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेची पेन्शन अठ्ठावन्नला. पन्नाशीनंतर लवकर मागितलीत तर प्रत्येक वर्षामागे चार टक्के कापून. कंपनीचा मेडिक्लेम राजीनाम्याबरोबर जातो, रक्तदाब सोबत येतो. नव्या पॉलिसीच्या फॉर्मवर तो लिहावा लागतो, आणि मग त्याच्या उपचारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

आणि तारीख आपणच ठरवू, हाही एक भ्रम. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं सुमारे १२ हजार माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं; त्यांत मधल्या आणि वरच्या फळीतले जास्त. त्यांच्यातही आठ कोटींवर अडलेले तक्ते असणारच.

परवडतंय का, हे बघायचं असेल तर पगार वर्षभर दुसऱ्या खात्यात वळवा आणि तक्त्यातल्या रकमेत घर चालवून दाखवा, 'इतर'सकट. जूनची फी, दिवाळी आणि लग्नसराई निभली, तर तीन कोटींतसुद्धा खुशाल सोडा. हे ऐकून अजून कुणी लॅपटॉप उघडलेला नाही.

खरोखर सोडून सुखात असलेले दोघे-तिघे माझ्या माहितीत आहेत. त्यांच्या पोर्टफोलिओत इंडेक्स फंड आहेत, थोडं सोनं आहे आणि राज्य सरकारच्या नोकरीत असलेली बायको आहे. पगार तिचा, महागाई भत्ता तिचा, घरच्यांच्या दवाखान्याची बिलं तिच्या ऑफिसातून. हा चव्वेचाळिसाव्या वर्षी स्वतंत्र झाल्याचं लिंक्डइनवर लिहितो, तेव्हा ती डबा भरून बस गाठत असते. राज्य सरकारच्या नोकरीत वीस वर्षं भरली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. यांच्या बायकांची वीस वर्षं केव्हाच भरलीत.