दाढ काढून पैसे वाचत नाहीत

चोपड्यात दाढ दुखायला लागली की सल्ला फुकट मिळतो. एसटी स्टँडवर मिळतो, जिनिंगच्या फाटकाशी मिळतो, केळीची गाडी भरता भरता मिळतो. "काढी टाक भो, कटकट नको." सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, त्याने स्वतःच्याही दोन-तीन काढलेल्या असतात. पण इतका महाग पडणारा फुकटचा सल्ला दुसरा नाही.

दाढ काढणं हा उपचार आहे. काही वेळा तोच योग्य उपचार असतो. बचत मात्र तो नाही, आणि आपण तो बचत म्हणूनच करतो.

आधी ठणका कुठून येतो ते पाहू. दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण भाग. त्याखाली डेंटिन, आणि त्याच्याही आत रक्तवाहिन्या आणि नसांचा मऊ गाभा. कीड तिथवर पोहोचली की गाभा सुजतो. बोट सुजलं तर कातडी ताणली जाते. दाताच्या आत सुजेला पसरायला जागाच नसते. आडवं झालं की डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो, म्हणून दिवसभर कशीबशी सोसलेली दाढ रात्री झोपू देत नाही.

मग एक दिवस दुखणं आपोआप थांबतं. घरात सगळे म्हणतात, बरी झाली. बरी झालेली नसते, आतली नस मेलेली असते. त्या मेलेल्या गाभ्यात जंतू वाढतात, मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतात, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी गालफड सुजून माणूस दवाखान्याच्या पायरीवर बसलेला असतो. दुखणं थांबलं म्हणून दवाखाना रद्द करणं ही आपली सर्वांत मोठी चूक आहे.

दाढ आपली अवस्था स्वतःच सांगत असते. थंड पाणी लागलं, कळ आली आणि काही सेकंदांत गेली, तर गाभा बहुधा वाचण्यासारखा असतो. कीड साफ करून फिलिंग केलं की भागतं. थंड-गरम लागल्यावर कळ मिनिट-मिनिट रेंगाळत असेल, काही न खाता-पिता ठणका सुरू होत असेल, रात्री झोप मोडत असेल, तर फिलिंगची वेळ बहुतेकदा निघून गेलेली असते. तिथून पुढे मुख्य रस्ते दोनच उरतात, रूट कॅनल किंवा पक्कड. फिलिंग आणि रूट कॅनल यांच्यातलं अंतर बहुधा काही महिन्यांच्या टाळाटाळीचं असतं.

ती टाळाटाळ मेडिकलच्या काउंटरवर चालते. रात्री नवाच्या सुमाराला तिथे उभे राहा. गालाला रुमाल लावलेला माणूस येतो, "दाढेची गोळी द्या" म्हणतो. चिठ्ठी नाही, तपासणी नाही. पट्टीतून दोन गोळ्या कापून मिळतात, एक दुखण्याची आणि एक अँटिबायोटिकची. उद्या परत दोन. ही अँटिबायोटिकची गोळी नसेच्या ठणक्यावर काही करत नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या माणसाला ताप नसेल, सूज पसरलेली नसेल आणि दाताचा इलाज मिळण्यासारखा असेल, तर अशा दुखण्याला अँटिबायोटिक देऊ नये. इलाज दाताचा करायचा असतो. रात्र काढायला बहुतेक प्रौढांना आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल या जोडीचा चांगला उपयोग होतो. पण पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आयबुप्रोफेन घेऊ नका.

लवंगेचं तेल खोटं नाही. त्यातलं युजेनॉल नस बधिर करतं, दंतवैद्यही ते वापरतात. पण ते कळ दाबतं, कीड काढत नाही, आणि निखळ तेल ओतलं तर हिरडी भाजते. मिश्रीचं मात्र काहीच चांगलं सांगता येणार नाही. दुखतं म्हणून ती दाढेवर दाबून धरणाऱ्या बायाबापड्या अजून घरोघरी आहेत. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या २४.४ टक्के प्रौढांनी धूरविरहित तंबाखू वापरत असल्याचं सांगितलं, आणि गुटख्यावर तर २०१२ पासून बंदी आहे. तंबाखूने दाढ बरी होत नाही. हिरड्या जातात आणि कॅन्सरला दार उघडं राहतं.

भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतले 'किडे' पाडून दाखवणाऱ्यांनाही एकदाचं सांगायला हवं. थाळीत पडतात ते बियांचेच बारीक तुकडे. दातात किडा असतो ही कल्पना पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ मध्येच नाकारली. तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात आणि ते आम्ल दात पोखरतं, हे विलोबी मिलर याने १८९० साली मांडलं. आणि नोंदणी नसताना बाजारात बसून लोकांच्या दाढा उपटणं कायद्याने गुन्हा आहे. निर्जंतुक न केलेली एकच पक्कड या तोंडातून त्या तोंडात फिरते, तिच्यासोबत कावीळही फिरू शकते.

आता रूट कॅनल. त्याचं नाव काढलं की माणसं खुर्चीत बसण्याआधीच घाम पुसतात. प्रत्यक्षात काय होतं? सुई देऊन दाढ बधिर करतात. आदर्श पद्धत म्हणजे दाढेभोवती रबराचा पडदा लावायचा, म्हणजे थुंकी आत जात नाही. दाढेला वरून छिद्र पाडून गाभ्यापर्यंत जातात. मग सुरुवातीची फाइल, टोकाशी मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी जाड. तिच्यावर रबराची इवलीशी चकती असते. मुळाची लांबी मोजून ती चकती त्या मापावर सरकवायची आणि त्याच खोलीपर्यंत फाइल फिरवायची, कमी नाही, जास्त नाही. मधूनमधून जंतुनाशक द्रावणाने नळ्या धुवायच्या. खालच्या पहिल्या दाढेत बहुधा तीन नळ्या असतात, वरच्या दाढेत पुष्कळदा चार, आणि चौथी लपलेली असते. ती राहून गेली तर पुढे दुखणं परत येऊ शकतं. शेवटी नळ्या गटापर्चाने बंद करायच्या. गटापर्चा हा मलाया भागातल्या झाडाचा चीक. १८७० मध्ये मुंबईपर्यंत समुद्राखालून आलेल्या तारेच्या केबलवर याच चिकाचं आवरण होतं. पाणी आत शिरू द्यायचं नाही हे त्याचं काम तिथेही होतं, दाढेतही आहे.

मग लोक ओरडतात का? बरेचदा उशिरा गेल्यामुळे. खूप सुजलेल्या, आम्लधर्मी झालेल्या भागात बधिर करणारं औषध कमी चालतं. वेळेवर गेलेल्याला बहुधा फिलिंगपेक्षा फारसा वेगळा अनुभव येत नाही.

"रूट कॅनलने कॅन्सर होतो" हेही मोबाईलवर फिरतं. मेलेल्या दातांतून सगळ्या शरीरात रोग पसरतो, या शंभर वर्षांपूर्वीच्या समजुतीतून ते आलं आहे. तेव्हा त्या समजुतीपायी लोकांचे धडधाकट दात उपटले गेले. पुढच्या तपासण्यांत ती टिकली नाही आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर मागे पडली. "वरची दाढ काढली की नजर जाते" हाही तसाच खोटा धाक. नजरेची नस वेगळी, दाढेची वेगळी.

तर काढायची कधी? मूळ उभं चिरलं असेल, हिरडीच्या आजाराने दाढ हलायला लागली असेल, कीड मुळापर्यंत इतकी उतरली असेल की वर कॅपला धरायला काहीच उरलं नसेल, तर काढा. अक्कलदाढ वाकडी अडकून पुन्हा पुन्हा सुजत असेल तर काढा. तिच्या जागी दुसरी बसवायची गरज बहुधा पडत नाही. अशा वेळी रूट कॅनलचा आग्रह धरणारा दवाखाना पेशंटचे पैसे वाया घालवतो.

पण चावण्याची मुख्य दाढ, वाचण्यासारखी असताना, फक्त स्वस्त म्हणून काढली तर पुढचं बिल कोण भरणार? शेजारची दाढ मोकळ्या जागेत कलते. समोरची दाढ आधार नसल्याने खाली-वर सरकते. तिथलं हाड झिजतं, आणि त्यातला मोठा भाग पहिल्या वर्षभरातच. माणूस एकाच बाजूने भाकरी चावायला लागतो. दात परत हवा तर काढ-घाल करायची कवळी, किंवा शेजारचे दोन चांगले दात घासून बसवलेला ब्रिज, किंवा इम्प्लांट, आणि इम्प्लांट हा रूट कॅनल व कॅपच्या एकत्रित खर्चापेक्षा बहुधा पुष्कळच महाग. या सगळ्याचा हिशेब काढण्याच्या दिवशी कोणी सांगत नाही. नीट केलेलं रूट कॅनल मात्र दहातल्या आठ-नऊ दातांत वर्षानुवर्षं टिकतं.

मधला रस्ताही आहे. काही दाढांत, विशेषतः तरुणांच्या, गाभ्याचा वरचा आजारी भाग काढून मुळातला जिवंत भाग राखता येतो. त्याला पल्पोटॉमी म्हणतात. प्रत्येक दाढेला ते जमत नाही, पण विचारायला काय हरकत आहे?

खुर्चीत बसलात की हे विचाराच. एक्स-रे दाखवून समजावता का? फिलिंगवर भागेल का? सांगितलेल्या खर्चात कॅप धरली आहे का? मागच्या दाढेला रूट कॅनलनंतर कॅप हवीच, नाहीतर पोखरलेली दाढ चावताना फुटते, आणि कॅपचा खर्च शेवटच्या दिवशी सांगणं हा पेशंटवर अन्याय आहे. आणि एक प्रश्न आवर्जून: हे एका बैठकीत होईल का?

हा शेवटचा प्रश्न आपल्या तालुक्यात सर्वांत मोठा आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या वैजापूरकडून किंवा अडावद, धानोरा, लासूरहून येणाऱ्या मजुराला तीन-चार खेपा म्हणजे तितक्याच दिवसांची बुडालेली मजुरी आणि तितकंच एसटीचं भाडं. पक्कड एका खेपेत काम संपवते, म्हणून तो पक्कड निवडतो. वास्तविक योग्य पेशंट निवडला तर एका बैठकीतलं रूट कॅनल अनेक बैठकींतल्याइतकंच टिकतं, असं अभ्यास सांगतात. सुरुवातीचे काही दिवस दुखणं थोडं जास्त राहू शकतं, इतकंच. दवाखान्यांनी लांबून येणाऱ्यांसाठी ही सोय आधी द्यायला हवी. ज्यांना परवडत नाही त्यांना धुळ्याला दंत महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांत शिकाऊ डॉक्टर अध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे खर्च कमी येतो. पण एका दाढेसाठी धुळ्याच्या खेपा किती जण घालू शकतील?

म्हणून काम इथेच व्हायला हवं. केंद्राच्या सार्वजनिक आरोग्य मानकांत उपजिल्हा रुग्णालयाला दंतचिकित्सकाचं पद धरलेलं आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाडीतल्या मुलांचे दात तपासणं आहे. सहाव्या वर्षी मुलाला मागे पहिली कायमची दाढ येते. आई-बाप ती दुधाची समजून सोडून देतात आणि पुष्कळदा तीच आधी किडते. तिथे मोठं यंत्र लागत नाही. कीड हातातल्या अवजारांनी खरवडून ग्लास आयोनोमर सिमेंट भरण्याची पद्धत टांझानियात १९८०च्या दशकात, वीज नसलेल्या गावांसाठी सुरू झाली. कीड जागीच थांबवणारं सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. दातावर काळा डाग पडतो, पण दाढ वाचते. आश्रमशाळेतल्या मुलाला दाढ वाचलेली हवी आहे.

आणि एक इशारा, तो पुढे ढकलू नका. दाढ दुखताना ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना, सूज जबड्याखाली मानेकडे उतरली किंवा श्वास जड झाला, तर मेडिकल नाही, घरगुती नाही, उद्या नाही. त्याच घडीला मोठं रुग्णालय. अशा सुजेने माणसं जातात.

बाकी वेळेला उपजिल्हा रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीला तीन गोष्टी विचारा: आपल्या रुग्णालयात दंतचिकित्सक आठवड्यातले किती दिवस बसतो, तिथे रूट कॅनल होतं का, आणि शाळेत किडक्या सापडलेल्या दाढांचं पुढे काय झालं. उत्तर लेखी मागा. पैसेवाल्याची दाढ वाचवायची आणि मजुराची उपटायची, ही वाटणी कोणत्याही वैद्यकाच्या पुस्तकात नाही. ती आपण चालवून घेतो म्हणून चालते.