एक जूनची प्रजा

वर्तमानपत्रांतून दिनविशेष लिहिणारे लोक एक जून या तारखेवर वर्षानुवर्षं अन्याय करत आले आहेत. रकाना रिकामा असतो असं नाही. १९२६ साली लॉस एंजेलिसला मेरिलिन मन्रो जन्मली, १९२९ साली कलकत्त्याला नर्गिस जन्मली, १९६८ साली हेलन केलर गेल्या, १९९६ साली माजी राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी गेले, हे सगळं तिथे सालवार मिळतं. पण याच तारखेला महाराष्ट्रात जी प्रचंड जनता जन्मली, त्यातले मुख्याध्यापक, तलाठी, ग्रामसेवक, हवालदार, कंडक्टर, झालंच तर दोन-चार आमदार, त्यांच्याबद्दल अवाक्षर नाही. कुठल्याही तालुक्याच्या पंचायत समितीत जाऊन सेवापुस्तकं उघडा. एकाच दिवशी इतके कर्तबगार लोक पृथ्वीवर दुसरीकडे कुठे जन्मले असतील, असं वाटत नाही.

या जन्मांचं श्रेय आईबापांकडे जात नाही. ते गुरुजींचं आहे. शाळा जूनमध्ये उघडायची, पोराला सहा वर्षं पूर्ण हवीत, आणि बाप दारात पटका सावरत उभा. ‘कधीचा रे?’ असं विचारलं की उत्तर यायचं, कोयनेला जमीन हलली त्या हिवाळ्यातला, किंवा बहात्तरच्या दुष्काळात आई खडी फोडायला जात होती तेव्हा पोटात होता. भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, हे गुरुजींनाही ठाऊक असायचं, पण रजिस्टरात भूकंपाचा रकाना नव्हता. मग पोराला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला सांगायचे. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं. गुरुजी चालू सालातून सहा वजा करायचे आणि पुढे एक जून लिहायचे. पेढे नाहीत, बारसं नाही, पण जन्म पक्का.

छत्रपती शिवाजी महाराजांच्या जन्मतारखेवर या राज्यातल्या विद्वानांनी अनेक दशकं घालवली. शकावल्या काढल्या, समिती नेमली, तेव्हा कुठे १९ फेब्रुवारी १६३० वर सरकारी शिक्का बसला आणि तरीही तिथीवाले वेगळी मिरवणूक काढतातच. रयतेच्या जन्मतारखा मात्र गुरुजींनी तंबाखूचा बार भरता भरता निकालात काढल्या आणि त्यावर आजवर कुणी मोर्चा काढलेला नाही.

अडचण एखाद्या घरात व्हायची. थोरला एक जूनचा. धाकट्याच्या वेळी गुरुजी बदललेले आणि जरा कल्पक, त्यांनी सरधोपट तारीख टाळून त्याच सालचा ऑक्टोबर टाकला. कागदोपत्री माउलीने चार महिन्यांत दोन बाळंतपणं केली. तिला याबद्दल कोणी विचारलं नाही, आणि तिनेही कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

या प्रजेची खरी शोकांतिका वेगळीच. शाळेच्या परिपाठात प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार आणि मग दिनविशेष असतो. वाढदिवस असलेलं पोरगं पुढे येतं, टाळ्या घेतं, गोळ्या वाटतं. एक जूनला शाळेला उन्हाळ्याची सुट्टी. म्हणजे शाळेनेच जन्म दिला आणि शाळेनेच वाढदिवसाला कुलूप लावलं.

आता याच तारखेला खात्रीने जन्मलेली मंडळी पाहू. १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली, नेमकी ज्या दिवशी तिकडे नर्गिस जन्मली त्याच दिवशी. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीताराम कुलकर्णी या पाच जणांनी कंपनी काढली तेव्हा कोणाला कान धरायला लावल्याची नोंद नाही. १९३० साली डेक्कन क्वीन धावली, ती मुळात पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतींच्या शौकिनांसाठी. एक गाडी रुपेरी, एक निळी, आणि जेवणाचा डबा. १९४८ साली पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी निघाली. या तिघांच्या जन्माला कागद आहे, साक्षीदार आहेत. क्वीनसाठी पुणे स्टेशनात दरवर्षी केक कापतात, इंजिनाला हार घालतात. एसटीच्या वर्धापनदिनी आगाराला तोरण लागतं. मग बसमधला कंडक्टर, ज्याचा वाढदिवसही नियमाने त्याच दिवशी असतो, तो तिकिटं फाडत राहतो. गाडीला हार, त्याला सुट्ट्या पैशांची वादावादी. महाराष्ट्रात एक जूनला खरोखर जन्मलेलं जे काही आहे, त्याला एक तर चाकं आहेत किंवा प्रभातसारखी बोधचिन्हात तुतारी आहे.

हवामान खात्याच्या वहीत मान्सूननेही केरळात एक जूनलाच यायचं असतं. त्याचाही दाखला गुरुजींनीच भरला असावा. २०२३ साली तो ८ जूनला आला, २०२५ साली २४ मेलाच हजर झाला, आणि खात्याला दोन्ही वेळा खुलासा करावा लागला. आमच्या प्रजेकडे असा खुलासा कोणी मागत नाही.

सकाळी वर्तमानपत्र उघडावं तर ‘आज वाढदिवस असणाऱ्यांचे वर्षफल’ समोर. त्यात लिहिलेलं असतं की यंदा वास्तुयोग आहे, वरिष्ठ खूश राहतील, जोडीदाराशी मतभेद संभवतात. अख्ख्या जिल्हा परिषदेचं एकच भविष्य. वरिष्ठ आणि कनिष्ठ दोघेही एक जूनचे, तेव्हा कोण कोणावर खूश होणार हा ज्योतिषशास्त्राचा अवघड प्रश्न आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या शिक्षकांच्या ग्रुपवर त्या दिवशी शुभेच्छा देणारा कोणी उरत नाही, सगळेच आभार मानत असतात.

आणि मग निवृत्ती. सरकारी नियम असा की महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी घरी जातो. म्हणून ३१ मेला राज्यभर एकच धावपळ. मंगल कार्यालय मिळत नाही, शाल-श्रीफळाचे भाव चढतात, आणि एकच साहेब दुपारी बारापासून सहा निरोप समारंभांत ‘सेवाभावी व्यक्तिमत्त्व’ हे शब्द सहा वेगवेगळ्या व्यक्तिमत्त्वांना लावत फिरतात. शेवटच्या समारंभात ते स्वतःच सत्कारमूर्ती असतात. अठ्ठावन्नावा वाढदिवस उजाडतो तेव्हा खुर्ची गेलेली असते.

इथे गुरुजींनी नकळत केलेला एक घात सांगायला हवा. वार्षिक वेतनवाढ १ जुलैला लागते. ३० जूनला निवृत्त होणारे पूर्वी एका दिवसाने हुकायचे. अशांना वेतनवाढ मिळालीच पाहिजे असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला. आता हिशेब करा. गुरुजींनी एक ऐवजी दोन जून लिहिलं असतं, तर माणूस ३१ मेऐवजी ३० जूनला निवृत्त झाला असता, एक पगार जास्त मिळाला असता आणि वाढीव पेन्शन जन्मभर. एक आकडा. दौतीत शाई होती, टाक हातात होता. पण एक लिहायला एकच फरकाटा लागतो आणि बाहेर अजून बारा बाप रांगेत उभे होते.

दुरुस्ती करता येते, नाही असं नाही. नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करायचा. त्यानंतर प्रत्यक्ष जन्मदात्री सेवापुस्तकापुढे येऊन उभी राहिली तरी तिचं म्हणणं मुदतबाह्य ठरतं. देशाचे लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंग यांनी १९५० की १९५१ या एका वर्षासाठी थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं आणि २०१२ साली अर्ज मागे घेऊन परतले. ज्यांच्या मागे रणगाडे होते त्यांचं हे, तर आमच्या कृषी सहायकाचं काय होणार.

मरणाच्या बाबतीत मात्र हा घोळ नाही. दिनविशेषात ‘निधन’ या शब्दाखाली जे छापलेलं असतं त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा. जन्माच्या नोंदीत कोणाला फारसा रस नव्हता, पण मृत्यूचा दाखला नसेल तर सातबाऱ्यावर वारसांची नावं चढत नाहीत. त्यामुळे ज्या म्हाताऱ्याचा जन्म प्लेग नि महापुराच्या मध्ये कुठे तरी झाला, त्याचा मृत्यू तास-मिनिटासह नोंदवलेला असतो, आणि तो नोंदवायला भावकीतले चौघे एकमेकांना मागे टाकून पोहोचतात.

ही प्रजा आता संपत चालली आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ सालचा, पण तो गावात पोहोचायला एसटीपेक्षा जास्त वेळ लागला. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना तर शाळेपासून पासपोर्टापर्यंत जन्मदाखलाच दाखवायचा आहे, कानाची सोय बंद. पोरं दवाखान्यात होतात, वेळ सेकंदासह छापून मिळते, तेव्हा तारखा आता खऱ्या असणार असं आपल्याला वाटतं. पण ज्योतिषाकडून मुहूर्त काढून सिझेरियनची वेळ ठरवणारं जोडपं आता शहरात नवलाचं राहिलेलं नाही. २२ जानेवारी २०२४ ला अयोध्येत प्राणप्रतिष्ठा होती, तर बाळ त्याच दिवशी काढा म्हणून डॉक्टरांच्या मागे लागलेल्या घरांच्या बातम्या आपण वाचल्या. तारीख तेव्हाही तिसराच माणूस ठरवायचा, आताही तिसराच ठरवतो. गुरुजी फक्त त्याचं बिल लावत नव्हते.