चिरंजीवांचं झाड

क्वीन्स, न्यूयॉर्क

ती. सौ. आईंना,


जाफराबादेत पूर्णेकाठी जन्मभर उनाडून, झाड कोणतं विचारलं तर ‘हिरवं’ म्हणणारे तुमचे चिरंजीव सध्या प्रवचनं देतात. विषय एकच: दारासमोरचं लंडन प्लेन नावाचं झाड.

परवा व्हिडिओ कॉलवर खोडावरचे पांढरे-हिरवट चट्टे पाहून तुम्ही ‘गजकर्ण झालंय, करंजाचं तेल लावा’ म्हणालात. चिरंजीवांनी रात्र जागून वाचलं. रोगी ठणठणीत आहे. खोड जाड होतं तशी साल ताणली जात नाही, म्हणून तिचे पापुद्रे सुटून पडतात. काश्मिरात ज्याला चिनार म्हणतात ते झाड आणि अमेरिकेतलं सिकॅमोर यांचा हा सतराव्या शतकातला संकर. ‘म्हणजे आजोळ आपल्याकडचं,’ असं चिरंजीवांनी परस्पर ठरवलंय.

खरी बहार इथल्या दप्तराची. 2015 साली शहरानं रस्त्यांवरची झाडं मोजली. साडेसहा लाखांवर भरली, त्यांत हीच सर्वांत जास्त, सुमारे 87 हजार. नकाशावर झाडावर बोट ठेवलं की क्रमांक, जात, खोडाचा व्यास आणि वर्षाला अडवलेल्या पावसाच्या पाण्याची डॉलरांत किंमत! चिरंजीव त्याला झाडाचा सातबारा म्हणतात. एवढी चोख कमाई या घरात दुसरं कुणी दाखवत नाही.

नोव्हेंबरात पानगळ होते. आपला पळस उन्हाळ्याच्या तोंडावर पानं टाकतो, हे थंडीच्या. कारण दोन्हीकडे पाण्याचंच. गोठलेल्या जमिनीतून मुळांना ते ओढता येत नाही. नातवानं गळलेल्या पानाचा देठ उलटा करून दाखवला. बुडाशी पोकळ, टोपीसारखा. पान असेपर्यंत पुढच्या वर्षाचा कोंब त्या टोपीखाली झाकलेला असतो. त्यानं ती पेन्सिलीच्या टोकावर बसवून पाहिली, बसली.

पानं तळहाताहून मोठी, चिवट, लवकर न कुजणारी. झाडझूड सुनेकडे, प्रवचन चिरंजीवांकडे.

आता त्यांना अंगणातल्या कडुनिंबाचा घेर हवाय. जमिनीपासून साडेचार फुटांवर शिवणाचा टेप गुंडाळायचा, इथल्या मोजणीची हीच रीत. मुंगळ्यांची रांग तेवढी सांभाळा. आकडा फोनवर कळवा. व्यास काढायचा भागाकार चिरंजीव करतील, आणि चुकला तर नातू आहेच.

ती. दादांना नमस्कार.

आपली,
सून