ओरिजिनल आहे का?

तुमच्या ओळखीतही एक भाऊ असणारच. कुणाचा घड्याळं जमवतो, कुणाचा तबकड्या. आमचे भाऊ गिटारी जमवतात. मूळचे सदाशिव पेठेतले, हल्ली मुक्काम न्यू जर्सी. मार्टिन गिटारचा कारखाना असलेलं पेनसिल्व्हेनियातलं नाझरेथ तिथून गाडीने फार लांब नाही, त्यामुळे पंढरपूर जवळ पडलं. गिटार वाजवता मात्र येत नाही. विचारलं तर म्हणतात, "वाजवली की फ्रेट झिजतात."

भाऊंच्या खिशात डेंटिस्टकडे असतो तसला छोटा आरसा आणि टॉर्च असतो. जुनी गिटार दिसली रे दिसली की आरसा तिच्या पोटात, आणि प्रश्न ठरलेला : "ओरिजिनल आहे का?" मार्टिनने आतल्या आधारपट्ट्या कोरून हलक्या करणं १९४४ मध्ये सोडलं, हे त्यांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्कं ठाऊक. खुंट्या बदलल्यात? ब्रिज उचकटून पुन्हा चिकटवलाय? वरून नवं पॉलिश मारलंय? मग किंमत निम्मी, आणि मालकाची इज्जतही निम्मी.

मंडळाच्या गणपतीत एक पोरगा गाणं म्हणायला उभा राहिला, तर भाऊ स्टेजवर चढून त्याच्या गिटारीत टॉर्च मारायला लागले. उकडीच्या मोदकांनाही तोच प्रश्न झाला. (फ्रोझन निघाले.) वहिनींचा गुडघा बदलला तेव्हा डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन उत्तम झालं. भाऊ हळहळले, "हो, पण ओरिजिनल नाही ना राहिला!" वहिनी त्यानंतर बरेच दिवस फक्त फिजिओथेरपिस्टशी बोलत होत्या.

भाऊंचा खरा राग शिसवीवर. १९६९ च्या सुमाराला ब्राझीलचं रोझवूड मिळेनासं झालं आणि मार्टिनने भारतातलं घ्यायला सुरुवात केली, म्हणजे आपलं शिसवी. त्यानंतरच्या गिटारींकडे भाऊ ढुंकून बघत नाहीत. वहिनी म्हणतात, "ह्यांच्या आजीचं कपाट शिसवी, ह्यांचा पाळणा शिसवी. तेव्हा कुणी ब्राझीलला चौकशी केली नव्हती."

२०२० मध्ये मात्र भाऊंवर आभाळ कोसळलं. रॉक गायक कर्ट कोबेनची १९५९ ची मार्टिन लिलावात साठ लाख डॉलरच्या वर गेली. मॉडेल डी-१८ई, म्हणजे जाणकारांनी नाकं मुरडलेलं. त्यात कोबेनने ती डाव्या हाताची करून घेतलेली, वर नवा पिकअप बसवलेला. "काही म्हणजे काही ओरिजिनल नाही!" भाऊ फोनवर ओरडत होते. मी गायक विली नेल्सनच्या गिटारीचा विषय काढला. वाजवून वाजवून तिला भोक पडलंय आणि लोक त्या भोकाच्या दर्शनाला जातात. भाऊंनी फोन ठेवला. बाजाराचा नियम साधा आहे : भोक तुम्ही पाडलंत तर नुकसान, मोठ्या माणसाने पाडलं तर इतिहास.

आता मनाविरुद्ध एक गोष्ट सांगतो. गावातल्या एका विधवा आजींनी नवऱ्याची गिटार विकायला काढली. पाचशे डॉलर मिळाले तरी पुरे, म्हणाल्या. भाऊंनी आरसा घातला आणि त्यांचे हात थरथरायला लागले. १९४१ ची डी-२८, ब्राझिलियन, पट्ट्या कोरलेल्या. पाचशे मोजून गाडीत टाकली असती तर जगात कुणाला कळलं नसतं. भाऊ म्हणाले, "आजी, ह्या आकड्यापुढे दोन शून्यं लावा आणि लिलावाला द्या." वर, एक खुंटी नंतरची आहे हेही कॅटलॉगमध्ये छापायला लावलं. आजींना ते भलतंच कळलं असावं. त्यांनी घाबरून विचारलं, "म्हणजे आता कुणी घेणार नाही का?"

लिलावात भाऊंनी स्वतः बोली लावली. घरावर कर्ज काढायची भाषा वहिनींनी ऐकली होती, म्हणून त्या शेजारी बसून होत्या. एका डीलरने भाऊंना मागे टाकलं. हातोडा पडला, वर लिलाववाल्यांचं कमिशन चढलं, गिटार गेली.

परतताना वहिनी म्हणाल्या, "आजींचं भलं झालं की हो."

"ते झालं," भाऊ म्हणाले, "पण त्या गाढवाने आत आरसासुद्धा घालून बघितला नाही!"