अभिप्रायनिवारण : एक शास्त्रशुद्ध मार्गदर्शिका

वाशीम जिल्ह्यातील महाविद्यालयांचे प्राचार्य, त्यांच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे समन्वयक, आणि 'सर, नॅकचं तेवढं तुम्हीच पाहून घ्या' या एका वाक्यासरशी ज्यांच्या उन्हाळी सुट्टीची इतिश्री झाली असे समस्त कनिष्ठ अध्यापक यांच्या सोयीसाठी प्रस्तुत मार्गदर्शिका सिद्ध केली आहे. विद्यार्थ्यांचे अभिप्राय मागवून तदनुसार विद्यापीठीय सेवांची सुधारणा कशी करावी, हा विषय वरवर पाहणारास अगदी सोपा वाटतो. कारण सामान्य बुद्धीच्या मनुष्याची अशी समजूत असते की, नळाला पाणी नाही असे विद्यार्थ्याने सांगावे, संस्थेने नळ दुरुस्त करावा, पाणी यावे आणि विषय संपावा. या समजुतीतील मोठा दोष हा की, तिच्यात आरंभापासून अखेरपर्यंत एकही कागद निर्माण होत नाही. आणि जिचा कागद नाही ती सुधारणा, मूल्यमापनाच्या दृष्टीने पाहता, घडलेलीच नसते.

पूर्वपीठिका

ज्या भूमीत हे कार्य करावयाचे तिचे माहात्म्य प्रथम ध्यानी घ्यावे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. आणि काव्यपुरुषाचा साहित्यविद्येशी विवाह याच नगरीत झाला असे राजशेखराने 'काव्यमीमांसे'त सांगून ठेवले असल्यामुळे, वस्तुस्थिती आणि वर्णन यांची जोडी जमविण्याची कला येथील मातीतच आहे, असे मानावयास हरकत नाही. १९३९ साली वाशीम येथे द्वितीय विंध्यशक्तीचा, त्याच्या कारकिर्दीच्या ३७व्या वर्षातील जो ताम्रपट उपलब्ध झाला, त्यात राजाची वंशावळ संस्कृतात असून ग्रामदानाचा प्रत्यक्ष व्यवहार प्राकृतात लिहिलेला आहे. मिरवावयाचे ते एका भाषेत आणि द्यावयाचे ते दुसऱ्या भाषेत, हा दफ्तरी दंडक तेव्हापासूनचा आहे. आपल्या अहवालांनी त्यातील पहिला अर्धा भाग कसोशीने सांभाळला आहे. फरक एवढाच की, विंध्यशक्तीने गाव खरोखरच देऊन टाकले होते.

अर्वाचीन इतिहास थोडक्यात असा. १९२३ साली स्थापन झालेले नागपूर विद्यापीठ हे पूर्वी वऱ्हाडातील महाविद्यालयांचे दैवत होते. १ मे १९८३ रोजी अमरावतीस स्वतंत्र विद्यापीठ झाले. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम हा निराळा जिल्हा निघाला. येणेप्रमाणे तक्रारीचा अखेरचा मुक्काम नागपूरहून अमरावतीस आला आणि विद्यार्थ्याचा प्रवास पुष्कळच कमी झाला. रिसोडच्या मुलास गुणपत्रिकेतील नावाचे एक अक्षर दुरुस्त करून घेण्यासाठी आजही शंभराहून अधिक किलोमीटर जावे लागते, ही गोष्ट खरी. परंतु प्रगती ही नेहमी मागच्या मुक्कामापासून मोजावयाची असते, पुढच्या मुक्कामापर्यंत नव्हे.

आता शास्त्राकडे वळू. १९९४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेने, म्हणजे लोकभाषेत नॅकने, २०१७ साली जो सुधारित आराखडा अमलात आणला त्यात अभिप्रायाच्या पाच अवस्था सांगितल्या होत्या : अभिप्राय घेतलाच नाही, घेतला, घेऊन त्याचे विश्लेषण केले, विश्लेषणानंतर कार्यवाही केली, आणि कार्यवाही करून सर्व काही संकेतस्थळावर ठेवले. ही उतरंड कोणी सूक्ष्म दृष्टीने न्याहाळील तर 'नळाला पाणी आले' अशी सहावी अवस्था तिच्यात नाही, हे त्याच्या ध्यानात येईल. या अनुपस्थितीवरच आपल्या शास्त्राची सारी इमारत उभी आहे. मूल्यांकनाचे आराखडे पुढे बदलतील, किंबहुना बदलत आहेत; पण दफ्तराला एकदा लागलेले वळण आराखड्याबरोबर बदलत नसल्यामुळे पुढील विवेचन दीर्घकाळ उपयोगी पडेल.

पायरी पहिली : संकलन

अभिप्राय मागविण्याचा मुहूर्त अतिशय महत्त्वाचा. परीक्षेचा अर्ज भरण्याची अखेरची तारीख, विद्यार्थी खिडकीपाशी रांगेत उभा, खिशात बसचा पास आणि गाडीला अवघी पंधरा मिनिटे, अशा प्रसंगी त्याच्या हाती प्रपत्र दिले असता तो सर्व रकान्यांत 'अत्युत्तम' अशी खूण करून मोकळा होतो. आणि तेच प्रपत्र त्याला फुरसतीत दिले तर तो विचार करू लागतो, ज्याचा परिणाम कोणत्याही संस्थेस हितावह नसतो. प्रश्न शक्य तो असे योजावेत की उत्तराच्या वाटा सर्वत्र सन्मानाकडेच जाव्यात : ग्रंथालयाची सेवा आपणास चांगली वाटते, उत्तम वाटते, की सर्वोत्कृष्ट?

याला अपवाद नॅकच्या स्वतःच्या विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाचा. त्याची प्रश्नावली परस्पर विद्यार्थ्यांच्या ई-मेलवर जात असल्याने तेथे मुहूर्ताचा इलाज चालत नाही. तिच्यातील वीस प्रश्न पर्यायांचे. पहिल्याच प्रश्नात अभ्यासक्रम वर्गात किती शिकविला गेला असे विचारून, ८५ ते १०० टक्क्यांपासून ३० टक्क्यांच्या खालपर्यंत पाच पर्याय पुढे ठेवलेले असतात. सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत जो मुलगा महिनाभर शेतातच होता त्याला या टक्केवारीचा अंदाज करता येत नाही. म्हणून सर्वेक्षणापूर्वी एक 'उद्बोधन वर्ग' घेऊन हा आकडा त्याच्या मनावर बिंबवावा. खरा धोका एकविसाव्या प्रश्नात आहे. तेथे विद्यार्थ्यास सूचना स्वतःच्या शब्दांत लिहावयाची मुभा आहे आणि वऱ्हाडातील विद्यार्थ्याचे स्वतःचे शब्द फार स्पष्ट असतात. 'नळाले पाणी नाही. पंखा फिरते पण हवा येत नाही. अन् शेवटच्या पिरेडपर्यंत थांबलं का गाडी चुकते,' एवढ्या तीन ओळींत तो संस्थेच्या पंचवार्षिक योजनेचा निकाल लावून मोकळा होतो.

पायरी दुसरी : विश्लेषण

अशा रांगड्या मजकुरास सभ्य रूप देणे म्हणजे विश्लेषण. 'नळाले पाणी नाही' हे वाक्य आहे तसे अहवालात गेल्यास वाचणारास एकदम तहान लागण्याचा संभव असतो. म्हणून 'परिसरातील पेयजल-सुविधांच्या सबलीकरणास वाव असल्याचे मत काही विद्यार्थ्यांनी व्यक्त केले' असे लिहावे. यात तक्रार कोठेही नाकारलेली नाही, केवळ ती ओळखू येत नाही. त्यानंतर रंगीत वर्तुळालेख काढावा आणि सर्वत्र सरासरीचा आश्रय करावा. तळमजल्यावरील नळ कोरडा ठणठणीत असून वरच्या मजल्यावरील नळ अहोरात्र गळत असेल, तर सरासरीने पाणीपुरवठा समाधानकारक ठरतो, हे गणित कोणासही खोडून काढता येणार नाही.

यानंतर अधिकारक्षेत्राचा विचार करावा. प्रत्येक तक्रार महाविद्यालयाची आहे, विद्यापीठाची आहे, शासनाची आहे, की दैवाची आहे, हे ठरवावे. आणि संशय असल्यास ती वरच्या पायरीची मानावी. हिवाळी परीक्षेचा निकाल उन्हाळी परीक्षेच्या तोंडावर लागला, तर ती विद्यापीठस्तरीय बाब. शिष्यवृत्ती खात्यावर जमा झाली नाही, तर ती शासनस्तरीय. वर्गात भ्रमणध्वनीला जाळे मिळत नाही, तर ती ईश्वरी. या वर्गीकरणाअंती महाविद्यालयाकडे बहुधा केवळ नळच शिल्लक राहतो. आणि त्याचीही जलवाहिनी नगरपरिषदेची आहे, हे पत्र लिहिते वेळी विसरू नये.

पायरी तिसरी : कार्यवाही

येथे नवशिके फसतात. कार्यवाही म्हणजे काम, असा त्यांचा ग्रह असतो. वास्तविक कार्यवाही म्हणजे कार्यवाहीचा अहवाल. आणि त्याची सिद्धता येणेप्रमाणे करावी. प्रथम एक समिती नेमावी व तीत ज्येष्ठ अध्यापक इतके घ्यावेत की सर्वांना सोयीचा असा दिवस चालू सत्रात सापडू नये. सभेची सूचना फिरवावी, सह्या घ्याव्यात, इतिवृत्त लिहावे, मागील इतिवृत्त कायम करावे. निर्णयाच्या रकान्यात 'तत्त्वतः मान्य', 'विचाराधीन' आणि 'पाठपुरावा सुरू आहे' हे तीनच शेरे आलटून पालटून वापरावेत. त्यांतील प्रत्येक शेरा सत्य असतो आणि एकही मुदतबंद नसतो.

पुराव्यासाठी छायाचित्र हवे, आणि तेही अक्षांश-रेखांशांसह. नळाचे छायाचित्र घेतले असता त्याच्या कोपऱ्यात २० अंश उत्तर आणि ७७ अंश पूर्व यांच्या आसपासचे आकडे उमटतात. येणेप्रमाणे नळ पृथ्वीच्या पाठीवर नेमका कोठे आहे हे निर्विवाद सिद्ध होते. त्यातून काय येते, हा प्रश्न छायाचित्राच्या कक्षेबाहेरचा आहे. जलशीतक यंत्राची खरेदी झाली असल्यास त्याचे उद्घाटन अवश्य करावे, मात्र विजेची जोडणी तूर्त करू नये, म्हणजे पुढील वर्षीच्या अहवालासाठी एक स्वतंत्र बाब हाताशी राहते.

राहिला गाडीचा प्रश्न. शेवटची तासिका संपते तेव्हा मानोऱ्याकडच्या खेड्यांची गाडी निघून गेलेली असते, म्हणून मुली चौथ्या तासानंतरच वर्ग सोडून जातात. वेळापत्रकातील दोन तासिकांची अदलाबदल केली असता ही अडचण एका सकाळीच दूर होण्यासारखी आहे. पण त्यात पत्रव्यवहारास जागा नाही, जावक क्रमांक पडत नाही, आणि पहिल्या तासाला येण्याचा प्रसंग कोणा ना कोणा ज्येष्ठ अध्यापकावर गुदरतो. सबब आगारप्रमुखांस निवेदन द्यावे, त्याची प्रत विभाग नियंत्रकांस व माहितीस्तव जिल्हाधिकाऱ्यांस पाठवावी, आणि निवेदन देतानाचे छायाचित्र स्थानिक वृत्तपत्रात छापून आणावे. गाडी आपल्या वेळेला जात राहील. फाईल आपल्या वेळेला वाढत राहील.

पायरी चौथी : प्रसिद्धी

सर्व कागद संकेतस्थळावर चढवावेत. पाने थोडी तिरकी आलेली असावीत, शिक्का मजकुरावर पडलेला असावा, आणि दुवा अशा ठिकाणी असावा की जेथे मूल्यांकन करणाराशिवाय कोणी सहसा पोहोचत नाही. ज्या विद्यार्थ्याने तक्रार केली तो एव्हाना पदवीधर होऊन स्पर्धापरीक्षेच्या तयारीसाठी गावाबाहेर पडलेला असतो. त्याला आता माजी विद्यार्थ्याचे प्रपत्र पाठवावे.

दोन पथ्ये

पहिले पथ्य विद्यापीठाच्या नावासंबंधी. २००५ सालापासून हे विद्यापीठ संत गाडगे बाबांचे नाव धारण करीत आहे. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेले आणि १९५६ साली निवर्तलेले हे सत्पुरुष दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री कीर्तनात समोरच्या लोकांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तरे वदवीत. अभिप्राय मागविण्याची याहून जिवंत रीत महाराष्ट्राने पाहिलेली नाही. परंतु त्यांचा क्रम आपल्या शास्त्राच्या सर्वस्वी विरुद्ध होता : आधी काम, मग प्रश्न, आणि कागद तर मुळीच नाही. सबब त्यांची तसबीर सभागृहात उंच ठिकाणी लावावी, २० डिसेंबरला पुण्यतिथीनिमित्त तिला हार घालावा, त्या दिवशी परिसर स्वच्छ करून छायाचित्रे काढावीत. अनुकरण मात्र इतर ३६४ दिवस होणार नाही याची दक्षता घ्यावी.

दुसरे पथ्य गोपनीय असून विद्यार्थ्यांच्या दृष्टीस पडू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये विद्यार्थ्यांच्या तक्रारींच्या निवारणासाठी विनियम केले असून, त्यांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असणे, तीत विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी विशेष निमंत्रित म्हणून असणे, आणि तिने तक्रार हाती आल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत आपला अहवाल देणे आवश्यक आहे. त्याने समाधान न झाल्यास विद्यार्थ्यास १५ दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते, आणि लोकपालाने ३० दिवसांत त्याचा निकाल लावावा अशी अपेक्षा आहे. अभिप्राय प्रपत्रावरील खूण ही निनावी आणि निरुपद्रवी असते; लेखी तक्रार मात्र तारखेनिशी चालू लागते आणि मुदत मागते. हा भेद विद्यार्थ्यांना ज्या दिवशी उमगेल त्या दिवशी वर्तुळालेखांचा रंग उडून जाईल. म्हणून या विनियमांची प्रत सूचनाफलकावर लावणे भागच पडले तर ती काचेच्या आत, जुन्या परीक्षा वेळापत्रकाच्या मागे लावावी.

उपसंहार

इतके सांगितल्यावर एक कबुली देणे शास्त्राच्या प्रामाणिकपणास धरून होईल. ज्या संस्थेला खरोखरच आपल्या सेवा सुधारावयाच्या आहेत तिला या मार्गदर्शिकेचा काडीइतकाही उपयोग नाही. तिने नळकाम करणाऱ्या मिस्त्रीस आजच बोलवावे, वेळापत्रकातील दोन तासिका उद्याच बदलाव्यात, चुकलेल्या अक्षरांच्या सर्व गुणपत्रिका एकत्र बांधून मुलांऐवजी आपला एक कारकून अमरावतीस पाठवावा, आणि ही तिन्ही कामे पार पडल्यावर, सवड असल्यास, अहवाल लिहावा. तो अहवाल फार तर अर्ध्या पानाचा होईल. पण विद्यार्थ्याने तो वाचला, तर त्यातील एकही वाक्य त्याला खोटे वाटणार नाही.