रायफलकाका

विस्कॉन्सिनात मॅडिसन-मिलवॉकीकडे दिवाळी आटोपली की मराठी घरांतले एक काका हमखास हरणांच्या गोष्टी काढतात. ग्रीन कार्ड मिळालेलं असतं, मुलं कॉलेजात गेलेली असतात आणि ऑफिसातला शेजारी दर थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी नारिंगी जाकीट चढवून रानात शिकारीला जातो, हे काकांना बरीच वर्षं सलत असतं. म्हणून ते रायफल घ्यायचं ठरवतात. म्हणजे, ठरवायला घेतात.

पूर्वानुभव म्हणाल तर एनसीसीतली पॉइंट टू-टू. काकांनी आजवर फक्त पुठ्ठा मारलाय, तोही शेजारच्या कॅडेटचा. विस्कॉन्सिनात १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीचा परवाना काढायला प्रशिक्षण घ्यावं लागतं, काका त्याआधीचे. ही सूट त्यांना पद्मश्रीसारखी वाटते. मंडळाच्या कोजागिरीला चारचौघांत सांगून झालीय.

बोल्ट-अ‍ॅक्शन हवी, आणि खिशाला परवडणारी. एक्सेलमध्ये सॅव्हेज अ‍ॅक्सिस, रूगर अमेरिकन, मॉसबर्ग पेट्रियट अशा सगळ्या ओळीने उभ्या आहेत. वजन, ट्रिगर, मॅगझिन यांचे रकाने आहेत, शेवटचा रकाना ‘रीसेल’. अजून घेतलेली नाही, पण विकायची तयारी आहे.

काडतुसावरून तर घरात दोन आठवडे अबोला होता. १९०६ ची थर्टी-ऑट-सिक्स की १९५२ ची थ्री-ओ-एट, की २००७ ची सहा-पॉइंट-पाच क्रीडमूर? दुकानदाराने साधं विचारलं, “किती लांबून मारणार?” काका म्हणाले, “पाचशे यार्ड गृहीत धरू.” त्यांच्या मित्राच्या झाडीत सत्तर यार्डांपलीकडे दिसलं तर नशीब. तिथे हरणाला तिन्ही सारख्याच लागू पडतात. फरक पडतो तो खांद्याला: रायफल जितकी हलकी तितका धक्का जोरात, आणि धक्क्याला बिचकणाऱ्याचा नेम गेलाच.

काउंटरवर काका खरे खुलतात. नळी आणि प्लॅस्टिकच्या दस्त्यामध्ये डॉलरची नोट सारतात. नोट सुळकन जाते. मग भेंडीचं टोक मोडून बघावं तसा पुढचा दस्ता मुठीत दाबतात. नोट अडकते. “बघा!” म्हणून काका दुकानभर बघतात. इथे त्यांचं चूक नाही हं. स्वस्तातल्या रायफलीचा दस्ता लवचीक असतो. तो फांदीवर जोरात टेकवला आणि नळीला लागला तर गोळी भलतीकडे जाऊ शकते. पण एवढी परीक्षा घेणाऱ्या काकांनी तीच रायफल खांद्याला मात्र लावली नाही. लोक बघतात म्हणे.

आणि खरी परीक्षा तीच. डोळे मिटून रायफल खांद्याला घ्यायची, डोळे उघडायचे. दुर्बिणीतून पूर्ण गोल दिसला तर दस्ता अंगाला बसला. मान उंटासारखी लांबवावी लागली तर नाही. तेही टी-शर्टवर नव्हे, नोव्हेंबरच्या जाड जाकिटावर, कारण त्या जाडीने दस्ता अचानक लांब वाटायला लागतो. हातमोजे घालून, रायफल खांद्यावरून न काढता बोल्ट मागेपुढे करून पाहायचा. काकांना हे सगळं अशास्त्रीय वाटतं. याला रकाना कुठला करणार?

काकूंचे प्रश्न दोनच. कुलपाचं कपाट ठेवणार कुठे, आणि हरीण आणलंत तर सोलणार कोण? दोन्हींची उत्तरं एक्सेलमध्ये नाहीत. विस्कॉन्सिनात बंदुकीने हरीण मारायचे मुख्य दिवस नऊ. त्या नवाही दिवसांत काका घरात परीक्षणं वाचत असतात.

तुम्हाला घ्यायचीच असेल तर ऑगस्टातच जाकीट घेऊन दुकानात जा. अंगाला बसेल ती साधी रायफल उचला. वाचलेल्या पैशांत बरी दुर्बीण आणि भरपूर गोळ्या घ्या, शंभर यार्डांवर नेम जुळवा. सूट असली तरी प्रशिक्षण घ्याच. आणि काकांचा सल्ला मागू नका; ते एक्सेल पाठवतात.