एक जादा आहे

सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाची तिकिटं निघाली की आमचे भाऊजी दोन सीझन तिकिटं काढतात. एक स्वतःचं, एक ताईचं. ताई येणार नाही हे त्यांना माहीत असतं, ताईला माहीत असतं, त्यांच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनाही माहीत असतं. "पाच दिवस त्या खुर्चीत माझी कंबर राहायची नाही," हे ताई आधीच सांगून टाकते. तरी दोन. मग डिसेंबरात मुकुंदनगरच्या मैदानाबाहेर कानटोपी, मफलर आणि खांद्याला थर्मासची पिशवी अशा थाटात भाऊजी उभे राहतात आणि कुणालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात पुटपुटतात, "एक जादा आहे."

मोठ्यानं ओरडतात ते ब्लॅकवाले, असं त्यांचं मत. छापील किमतीवर एक रुपया घेणार नाहीत आणि एक रुपया सोडणारही नाहीत. "जास्त घेतले तर तो ब्लॅक, कमी घेतले तर गाणाऱ्याचा अपमान." एकदा एका गृहस्थांनी दुप्पट पैसे पुढे केले, तर त्यांना म्हणाले, "आपण आयपीएल बघत जा."

बरं, गिऱ्हाईक मिळालं म्हणून तिकीट मिळालं असं होत नाही. तिकीट घेणारा पाच दिवस भाऊजींच्या शेजारी बसणार! त्यामुळे गेटबाहेर जे चालतं ते थेट कांदेपोह्यांच्या वळणावर जातं. "कोणाला ऐकायला आलात?" एकाच मोठ्या कलाकाराचं नाव घेतलं की बाद. "सगळ्यांना" म्हटलं तर संशय. खोकला आहे का? गाणं फोनवर चित्रित करता का? मांडीवर ताल धरता की शेजारच्याच्या खुर्चीवर? एवढ्यातून तरलात की शेवटचा प्रश्न : "मारवा आणि पूरिया, स्वर तेच. मग फरक कशात?" यावर बरेच लोक शेजारच्या माणसाकडून तिकीट घेऊन आत जातात.

जे थांबतात त्यांना तिकिटाच्या किमतीत इतिहासही मिळतो. 1953 साली भीमसेनांनी गुरूंच्या स्मरणार्थ उत्सव कसा सुरू केला, रमणबागेत असताना रात्र रात्र गाणं कसं चालायचं, पहाटे भीमसेन गायला बसले की थंडी कशी पळायची. "आणि आता? दहाला आवरा! मध्यरात्रीचे राग गायचे कधी, नाश्त्याला?" शनिवारी बारापर्यंत सवलत असते असं कुणी सुचवलंच, तर तो माणूस भाऊजींच्या नजरेतून उतरतो. एका वर्षी हे व्याख्यान इतकं रंगलं की पहिलं गाणं त्यांनी बाहेर उभं राहून लाउडस्पीकरवर ऐकलं आणि तिकीट खिशातच राहिलं. शेजारच्या खुर्चीवर थर्मास ठेवला. "इतका समजूतदार श्रोता मला आजवर मिळाला नव्हता," असं घरी येऊन सांगितलं.

त्यांची सर्वांत यशस्वी निवड म्हणजे विणकामवाल्या बाई. पहिल्या दिवशी बाईंनी पिशवीतून लोकरीचा गुंडा काढला तेव्हा भाऊजींचं तोंड कडू झालं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की विलंबित चालू असताना बाईंचा टाका बरोबर समेवर पडतो. तेव्हापासून जादा तिकीट त्यांच्यासाठी राखीव. पैसे मात्र छापील, आणि मारव्याचा प्रश्न दरवर्षी नव्यानं. बाईही दरवर्षी तेच उत्तर न कंटाळता देतात.

आणि मग गेल्या वर्षी ताई म्हणाली, "मी येते."

भाऊजी पांढरे पडले. बाईंना शब्द दिलेला. बायकोला नको म्हणण्याची सोय नाही. शेवटी दोन्ही तिकिटं दोघींच्या हवाली करून ते पुन्हा गेटबाहेर आले आणि आयुष्यात पहिल्यांदा "एखादं जादा आहे का?" असं विचारत हिंडू लागले. कोपऱ्यात एक कानटोपीवाले आजोबा उभे होते. त्यांनी भाऊजींना आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "खोकला आहे का?"

मध्यंतरात भाऊजी बटाटेवड्याच्या रांगेत भेटले. चेहरा उजळलेला.

"अहो, पाऊण तास उलटतपासणी! घराणं विचारलं, गुरू विचारले, मारवा-पूरियासुद्धा विचारलं. काय माणूस आहे!"

"मग दिलं तिकीट?"

"दिलं की. छापील किमतीला. सुट्टे पैसे नव्हते म्हणून थोडं ताणलं, एवढंच. पण ते राहू दे, तुझी ताई काय करतेय आत? गाणं ऐकतेय ना?"

मी ताईला नुकताच बघून आलो होतो. दोघींच्या मांडीवर एकच लोकर होती आणि ताई विचारत होती, "आता सुलट दोन की उलट दोन?"